गाठी बसवणाऱ्या पुड्या

माझ्या लेकीला किकुची आजार आहे. १९७२ साली जपानमध्ये पहिल्यांदा नोंदला गेलेला, दुर्मीळ. मानेत गाठी, ताप, रात्री घाम. टीबी की कॅन्सर, या विचारानेच माणूस अर्धमेला होतो. गाठ काढून बायोप्सी केली तेव्हा उलगडा झाला. पहिल्या खेपेला दोन महिन्यांत आपोआप गेला. शंभरात तीन-चार जणांना तो उलटतो, त्यात आमची पोर निघाली. डॉक्टर म्हणाले, तापापुरती पॅरासिटामॉल द्या, ल्युपससाठी, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारासाठी, रक्त तपासू, बाकी धीर धरा. तोच माझ्याने धरवला नाही.

नात्यातल्या एकीने गंडमाळेवर औषध देणारा माणूस सांगितला. वैद्य म्हणवतो. रिपोर्ट त्याने उघडलाही नाही. "ताई, तेव्हा गाठ कापलीत म्हणून परत आली. मी मुळापासून काढतो." वहीच्या कागदात बांधलेल्या पांढऱ्या पुड्या, दोन वेळा मधातून. महिन्याला सहा हजार, रोख, पावती नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्यात गाठी बसल्या. मी त्याच्या पाया पडले. पोरीला सारखी भूक लागायची, गाल भरले. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. तो चेहरा सुजत होता, हे रोज तिच्या केसांना तेल लावणाऱ्या मला कळलं नाही.

चौथ्या महिन्यात दिवाळी आली, त्याचा दवाखाना बंद, पुड्या संपल्या. भाऊबीजेच्या सकाळी ती उलट्या करून मोरीतच कोसळली. बीपी ८०/५०. डॉक्टरांनी गाल बघूनच विचारलं, "कुठल्या पुड्या चालू होत्या?" रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, जवळजवळ नव्हतंच. पुडीत स्टिरॉइड असणार, म्हणाले. ते रोज बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलं होतं.

आजाराचा जोर असेल तर डॉक्टरही स्टिरॉइड देतात, पण मोजून, सांगून, आणि हळूहळू उतरवत. मुळात हा आजार बहुतेकांचा एक ते चार महिन्यांत आपसूक जातो. त्या काळात कोणी राख दिली तरी गुण आलाच म्हणायचा. असल्या लोकांचं दुकान त्यावरच चालतं.

डॉक्टरांनी दिलेली तिची स्टिरॉइडची गोळी सुटायला सात महिने लागले. मसाल्याच्या डब्यामागे पडलेली एक पुडी सापडली, ती अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीसोबत दिली. तुमच्या घरात अशा पुड्या चालू असतील तर एकदम थांबवू नका. पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि काहीही न लपवता सांगा.