‘नको’ म्हणणाऱ्याने कारण द्यावं का? कविता निवडणाऱ्या समितीसाठी

थंडी पडली की आपल्याकडे बेळगाव भागात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनांची धांदल सुरू होते. कविसंमेलनासाठी आलेल्या कविता मोबाईलवरच्या गटात टाकून ‘घ्या’ किंवा ‘नको’ असं मत मागवायचं तुमच्या समितीने ठरवलं असेल, तर आधी एक गोष्ट ठरवून टाका. ‘नको’ म्हणणाऱ्याने कारण सांगायचं की नाही? ‘घ्या’वाल्यांना कुणीच कारण विचारत नाही, तेव्हा तो विषय सोडा.

पहिला मार्ग म्हणजे नुसतं ‘नको’. काम झटपट उरकतं आणि ज्याला समीक्षेची भाषा जमत नाही, त्यालाही मत देता येतं. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर मंडळींच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर हीच पद्धत आहे. कारण सक्तीचं करा, अशी मागणी तिथे कितीदा तरी झाली, पण ती मान्य झालेली नाही. कारण लिहिणाऱ्यावरच राग निघतो आणि सक्ती केली की लोक काहीबाही खरडून मोकळे होतात, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत दिलं, तर उत्तर देणाऱ्याचे २ गुण जातात आणि मत देणाऱ्याचाही १ कापला जातो. म्हणजे ‘नको’ फुकट नाही, पण मुकं आहे.

कवितेला हे मुकेपण बाधतं. समजा, खानापूरकडच्या एका मुलीने लिहिलंय, ‘पाऊस पडालाय, आई रोप लावालीय’. तिला चार ‘नको’ पडले. कविता लांबली म्हणून? पावसाच्या कविता आधीच ढीगभर आल्यात म्हणून? की तिच्या काकाशी कुणाचं बांधावरून वाकडं आहे म्हणून? कुणी सांगितलं नाही तर ती आपल्या मनाने अर्थ लावणार आणि तो बहुधा एकच असतो: आपली बोली चालत नाही. पुढच्या वर्षी ती पुस्तकी मराठीत काहीतरी गुळमुळीत लिहून पाठवणार, नाहीतर पाठवणारच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे नावासकट कारण. विकिपीडियावर एखादा लेख काढून टाकायचा की नाही, हे असंच ठरतं. तिथे डोकी मोजत नाहीत, मुद्द्यांचं वजन बघतात. पण तिथली माणसं एकमेकांना बहुतेक टोपणनावानेच ओळखतात. आपल्याकडे ‘नको’ म्हणणारा आणि कवी एकाच सोसायटीचे सभासद, वर कुणाच्या तरी लग्नात व्याही म्हणून समोरासमोर येणार. नाव उघडं पडलं की माणूस ‘छान आहे, पण वेळ कमी आहे’ असंच लिहितो. निवडणुकीतही हे झालंय. २०१३ साली ‘नोटा’चं बटण येईपर्यंत ज्याला एकही उमेदवार नको, त्याला मतदान केंद्राध्यक्षाला तसं सांगून नोंदवहीत सही करावी लागे. गुप्तता मोडते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. आणि व्हॉट्सअ‍ॅपचा पोल वापरणार असाल तर लक्षात घ्या, कुणी काय मत दिलं ते तिथे सहसा सगळ्यांना दिसतं. म्हणजे नाव उघडं आणि कारण गुलदस्त्यात. दोन्हीकडचं वाईट तेवढं पदरात.

तिसरा मार्ग मला पटतो: कारण हवं, नाव नको. ईमेल न मागणारा गुगल फॉर्म एका संयोजकाने सांभाळायचा. ‘नको’च्या खाली चार पर्याय ठेवायचे: लांबी, विषय आधी आलाय, कच्ची वाटली, भाषा. ‘भाषा’ निवडली तर काय खटकलं, ते एका ओळीत लिहायचंच. खरी गंमत इथे आहे. ‘पडालाय हे अशुद्ध’ असं कुणी लिहिलं, तर संयोजक म्हणू शकतो, ‘अहो, आपलंच संमेलन आहे, हे कारण धरायचं नाही,’ आणि ते मत बाजूला ठेवता येतं. कारण मागितलं की कवितेबरोबर मतही तपासलं जातं. नुसत्या ‘नको’त ही सोय नाही.

अडचणी आहेतच. समिती पाच जणांची असेल तर लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखू येतो. नाव झाकलंय म्हणून कुणी जिभेला हाड नसल्यासारखं लिहिलं, तर ते गाळून कवीपर्यंत पोचवायचं कामही संयोजकाच्याच गळ्यात. तो माणूस जपून निवडा, आणि शक्यतो स्वतः कविता पाठवलेला नसावा.

कविता फारच आल्या, तर सगळ्यांची कारणं मागत बसू नका, थोडक्यात हुकलेल्यांची तेवढी मागा. संमेलनाध्यक्ष ठरवताना गुप्त मत घ्या, तिथे कारण मागणं म्हणजे भांडणाला आवतण. जेवणात मसालेभात की पुलाव, यावर मात्र खुशाल नुसतं ‘नको’ म्हणा.

नियम कोणताही धरा, पण कविता मागवायच्या पत्रकातच तो छापा. निकालानंतर कारणं द्यायला गेलात, तर ती सबब वाटते.