सिंगापुरात जेवण: हॉकर सेंटर की मॉलमधलं फूड कोर्ट?

चिकन राइसची थाळी हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या अनेक गाळ्यांची, छपराखालची पण बिनएसी जागा) साधारण 4 ते 6 सिंगापूर डॉलरला मिळते; मॉलच्या फूड कोर्टात तेच 7-8 पर्यंत जातं. वरचे पैसे मुख्यतः एसी आणि भाड्याचे. चवीत हॉकर सेंटर बहुधा सरस, कारण एकेक गाळा वर्षानुवर्षं दोन-तीनच पदार्थ करतो.

पण तिथे जायची वेळ साधावी लागते. दुपारी 12 ते 1:30 ऑफिसवाल्यांची झुंबड असते. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं, तर जागा धरलेली आहे असं समजा (आपल्या एसटीतल्या रुमालासारखंच!). सोमवारी बरेच गाळे बंद असतात, आणि अधूनमधून साफसफाईसाठी अख्खं सेंटरच बंद ठेवतात. सोबत थोडी रोकड असू द्या. फूड कोर्टात कार्ड सहज चालतं, रोज उघडं असतं, पाऊस-उकाड्याची चिंता नाही. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर तेच बरं.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे सावध राहावं. ‘नो पोर्क, नो लार्ड’ (डुकराचं मांस नाही, चरबी नाही) पाटीचा अर्थ शाकाहारी नव्हे. परतलेल्या पालेभाजीतही बऱ्याचदा ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो, सांबल या मिरचीच्या चटणीत कोळंबीची पेस्ट. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये डोसा मिळतो, तिथे हा घोळ कमी.

कॉफी मात्र हॉकर सेंटरमध्येच प्या. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कंडेन्स्ड मिल्क घातलेली, गोडमिट्ट येते. ‘कोपी ओ’ म्हणजे काळी पण साखरेची. बिनसाखरेची हवी तर ‘कोपी ओ कोसोंग’.

उष्टा ट्रे दोन्हीकडे स्वतःच परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो.