घाईच्या संध्याकाळी क्रिमी भात करायचाय: पातेलं, कुकर की कालचा भात?

क्रिमी भात म्हटलं की बहुतेक जण आधी क्रीमचं पाकीट शोधायला लागतात, पण भाताला तो मऊ दाटपणा येतो तो मुख्यतः तांदळाच्या स्वतःच्या स्टार्चमुळे, क्रीम आणि चीज नंतर भर घालतात. हे डोक्यात बसलं की पद्धत निवडणं बरंच सोपं होतं. आणि हा साईड डिश आहे, म्हणजे शेजारच्या शेगडीवर मेन डिश चाललीये आणि एक हात तिकडे अडकलाय, हे धरूनच मी तुलना करतेय.

चवीत पहिला नंबर पातेल्यातल्या रिसोटो (इटालियन मऊ, सरसरीत भात) पद्धतीचा, यात वादच नाही. आर्बोरिओ किंवा कार्नारोलीसारखा जाड आखूड दाण्याचा तांदूळ न धुता घ्यायचा (धुतला की वरचा स्टार्च पाण्याबरोबर गेलाच), बटरवर कांदा आणि तांदूळ परतायचा आणि मग गरम स्टॉक (भाज्या किंवा चिकन उकळून काढलेलं पाणी) पळीपळीने घालत ढवळत राहायचं. दाणे एकमेकांवर घासले जातात, स्टार्च रसात उतरतो, 18-20 मिनिटांत बाहेरून सरसरीत आणि आत किंचित चावा असलेला भात तयार. पण तेवढा वेळ शेगडीपासून फार लांब जाता येत नाही, आणि झाला की लगेच वाढावा लागतो, दहा मिनिटं पडून राहिला तर घट्ट होतो. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी जेवत असतील तर हा नकोच.

रोजच्यासाठी माझं मत सरळ कुकरला. तांदूळ तोच, न धुतलेला, परतणंही तेच, फक्त एक वाटी तांदळाला पावणेतीन वाट्या गरम स्टॉक एकदम घालायचा आणि झाकण लावून प्रेशर आलं की मंद आचेवर 5-6 मिनिटं. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, कारण स्टार्चचा फेस वाफेबरोबर बाहेर उडतो. त्यापेक्षा साधा शेगडीवरचा कुकर असेल तर झाकणाच्या कडेवर नळाची बारीक धार सोडा, इलेक्ट्रिक असेल तर अर्थातच असं करायचं नाही, थोडा वेळ थांबायचं. उघडल्यावर वर पाणी तरंगताना दिसतं आणि वाटतं की बिघडला, पण घाबरू नका, डावाने मिनिटभर जोरात ढवळा, डोळ्यासमोर ते पाणी दाट होऊन दाण्यांना धरतं. मग गॅस बंद करून बटर आणि किसलेलं चीज. चीज उकळत्या भातात टाकलं तर तार सुटते आणि तेल वेगळं होतं, म्हणून गॅस बंद करूनच. शिवाय चीज घरी किसलेलं बरं, पाकिटातल्या तयार किसाला चिकटू नये म्हणून पावडर लावलेली असते आणि तो तितका गुळगुळीत वितळत नाही. पातेल्यातल्यापेक्षा हा भात थोडा जास्त मऊ होतो, खरंय, पण त्या 5-6 मिनिटांत तुम्ही सॅलड चिरू शकता, मुलांचा अभ्यास बघू शकता, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तेच जास्त मोलाचं आहे.

फ्रिजमध्ये कालचा भात असेल तर मात्र नवीन लावूच नका. गार भात कडक झालेला असतो कारण स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, त्यामुळे आधी दोन-तीन चमचे पाणी शिंपडून झाकण ठेवून चांगली वाफ आणा, दाणा मऊ झाला की मगच क्रीम किंवा क्रीम चीज घाला, 7-8 मिनिटांचं काम. एका गोष्टीत हयगय नको: शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियसचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही, म्हणून उरलेला भात तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये गेलेला असेल तरच वापरा, आणि एकदाच गरम करा.

लांब दाण्याचा मोकळा भात करून वरून क्रीम ओतणं मला पटत नाही, दाणा वेगळा आणि सॉस वेगळा लागतो. फक्त दुधात शिजवायचा विचार असेल तर बुडाला लागणं, उतू जाणं आणि पाण्यापेक्षा जास्त वेळ हे सगळं आलंच, वर लिंबू किंवा टोमॅटो पडला तर दूध फाटतं, घट्ट क्रीम सहसा टिकून राहतं.

आणि डेअरी चालत नसेल तर कुकरचाच करा, फक्त बटर आणि चीज वगळा आणि परतायला तेल घ्या, त्यात स्टार्चचा दाटपणा आधीच असतो, शेवटी थोडं ऑलिव्ह ऑईल किंवा घट्ट नारळाचं दूध घातलं तरी पुरतं.