पिवळा झोन की नगररचना योजना? ३२ गुंठ्यांचा हिशेब

मामांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मागे म्हैस हंबरत होती. "आपलं रान पिवळं होणार म्हणं. एकजण म्हणतोय झोन बदलून घ्या नि प्लॉट पाडा. दुसरा म्हणतोय सगळ्यांनी मिळून योजनेत जाऊया. तू ये बघू एकदा."

करवीर तालुक्यात, कोल्हापूर शहराला अगदी खेटून त्यांचं ३२ गुंठे रान आहे. ऊस आणि दोन म्हशी. नकाशावर शेती हिरवी आणि रहिवासी भाग पिवळा दाखवतात, म्हणून गावात सगळे रंगांतच बोलतात. असा प्रश्न पडलेले मामा आपल्याकडे घरटी एक आहेत. १९७२ मध्ये महापालिका झाली आणि पुढची कित्येक दशकं शहराची हद्द होती तिथेच राहिली. हद्दवाढ हवी म्हणून शहर आंदोलन करणार, नको म्हणून गावं बंद पाळणार, असं चालत चालत २०१७ मध्ये मधला मार्ग निघाला: ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. घरं मात्र कुणासाठी थांबली नाहीत. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव ही कागदावर गावं. संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या रस्त्यावर उभं राहून बघा.

तर दोन वाटा. आधी पहिली.

तुमचा गट, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा तुकडा, शेती विभागातून रहिवासी विभागात जातो. विकास आराखडा नव्याने होत असेल तर त्यातच जातो. मंजूर आराखड्यात बदल करायचा असेल तर १९६६ च्या नगररचना अधिनियमातलं कलम ३७ लागतं आणि प्रादेशिक योजनेतली जमीन असेल तर कलम २०. नोटीस निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते आणि शेवटी मंजुरी. झोन दाखला हातात आला की मोजणी, बिनशेती परवानगी, रेखांकन म्हणजे प्लॉट-रस्त्यांचा नकाशा आणि मग प्लॉट. गावठाणापासून २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेतल्या ४२-ड मुळे बिनशेतीचं काम बरंच सोपं झालंय. या वाटेचं मोठं सुख म्हणजे शेजारी तयार असो वा नसो, तुमचं तुम्ही करू शकता.

दुसरी वाट म्हणजे नगररचना योजना. हीही नवी नाही, मुंबई इलाख्यात तिचा कायदा १९१५ चा. शंभर-दीडशे एकराचा पट्टा एकत्र धरायचा, बांध पुसायचे, आधी रस्ते, गटारं, बाग, शाळेची जागा आखायची आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येकाला चौकोनी अंतिम भूखंड द्यायचा. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माण योजनेत मूळ जमिनीच्या निम्मा भूखंड परत, असा हिशेब होता. "निम्मा" हा शब्द ऐकला की आपल्याकडे बैठक तिथेच उठते.

मामांच्या कट्ट्यावर बसून कागदावर मांडलं ते असं. ३२ गुंठे म्हणजे ३४,८४८ चौरस फूट. पहिल्या वाटेने पाव हिस्सा आतल्या रस्त्यात गेला असं धरू, विकायला २४ गुंठे उरतात. दुसऱ्या वाटेने १६. आठ गुंठ्यांचा फरक, आणि मामा मान हलवायला लागले. पण २४ ला १६ ने भागलं की दीड येतं. योजनेतल्या भूखंडाला गुंठ्यामागे दीडपट भाव मिळाला तर दोन्ही वाटा सारख्या. त्यापेक्षा जास्त मिळाला तर निम्मं देऊनही तुम्ही पुढे. शिवाय पहिल्या वाटेत आतला रस्ता, गटार, विजेचे खांब यांचा खर्च तुमच्या खिशातून. दुसऱ्या वाटेत योजनेचा खर्च असतो, आणि जमिनीचं मूल्य वाढलं म्हणून त्या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान वसूल करायची तरतूद कायद्यात आहे. ती कुणी आधी सांगत नाही, बैठकीत तोंडाने विचारा.

दीडपट भाव येणार कुठून? रस्त्यातून. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत मूळ चटईक्षेत्र १.१ आहे, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम. त्यावरचं वाढीव बांधकाम समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरच्या बोळातला प्लॉट आणि अठरा मीटरच्या रस्त्यावरचा भूखंड यांच्या भावात तफावत पडणारच.

आता आणखी एक आकडा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडायची सक्ती ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्राला आहे. म्हणजे साधारण ४० गुंठे. आपल्या भागात वाटण्या होऊन होऊन एकेकाच्या नावावर ३२, २५, १८ गुंठे राहिलेत. अशा दहा जणांनी आपापलं रान स्वतंत्र पिवळं करून प्लॉट पाडले, तर सहा-सात एकरांत चारपाचशे माणसं राहायला येतील आणि पोरांना क्रिकेट खेळायला एक गुंठाही मोकळा राहणार नाही. यात नियम कुणीच मोडलेला नसेल.

मी स्वतः अशाच वसाहतीत राहतो. शहराच्या दक्षिणेला, माळावर. प्लॉट घेताना विकणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं, "हा रस्ता पुढं मेन रोडला मिळतोय." आमची गल्ली पुढच्या गटाच्या भिंतीला जाऊन थांबते. भिंतीपलीकडेही गल्ली आहे, पण ती बारा फूट डावीकडे, कारण त्या मालकाने आपल्या सोयीने आखली. दोन्ही नकाशे मंजूर. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो तो पूर्ण गल्ली उलटा, मागे घेत घेत. ड्रायव्हरचा पोरगा मागे धावत "येऊ दे, येऊ दे" ओरडतो आणि सगळ्या बायका दारातल्या स्कुट्या आत ओढतात. तो "येऊ दे" ऐकला की मला नकाशावरचं ते बोट आठवतं.

त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही. पण दुसऱ्या वाटेची खोटही सांगतो: वेळ. योजनेचा हेतू जाहीर झाला की परवानगीशिवाय तुम्हाला त्या जमिनीत बांधकाम करता येत नाही. मग प्रारूप, हरकती, मंजुरी, लवाद, अंतिम योजना. कायद्यात मुदती आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. ज्यांच्या घरात पोरीचं लग्न पुढच्या वर्षी आहे किंवा डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्यांना "थांबा, दीडपट होईल" असं सांगणं सोपं आहे, सांगणाऱ्याला. अशांनी पहिली वाट धरली तर मी नावं ठेवणार नाही. आणि ज्यांना सगळंच विकून निघून जायचंय, त्यांच्यासाठीही पहिलीच फायद्याची. मागे राहणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही.

मागे राहणाऱ्यांत शेती चालू ठेवणारेही येतात. नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेत समजा साठ सभासद आहेत. त्यातल्या वीस जणांनी प्लॉट पाडले तर मोटार तेवढीच राहते, पाइपलाइन तेवढीच राहते आणि दुरुस्तीचा खर्च चाळीस जणांत वाटला जातो. पाण्याचा पाट प्लॉटच्या कंपाउंडखाली जातो. ऊस तुटल्यावर ट्रॉली बाहेर काढायची पाणंद गाड्या लावून अडते. उसाच्या शेंड्यांचं वाडं कमी झालं की म्हशींना वैरण विकत. आणि वर नवीन राहायला आलेले शेणाच्या वासाची तक्रार करतात, ज्यांच्या घरी सकाळी त्याच गोठ्यातलं दूध जातं! तुकड्यातुकड्याने पिवळं होण्यात हे सगळ्यात जास्त होतं, कारण पिवळं आणि हिरवं ठिगळासारखं शेजारी-शेजारी राहतं. योजनेत निदान सीमा एक असते.

एका ठिकाणी मात्र दोन्ही वाटा बंद समजा. निळ्या पूररेषेच्या आत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांच्या अंतराने. आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या माणसांना रेषा समजावून सांगायची गरज नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर बांधता येतं, पण भराव टाकून तुमचं जोतं उंच झालं की ते पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जातं. अशा रानात ऊस आठ दिवस पाण्यात उभा राहिला तर नुकसान एका हंगामाचं होतं. तिथे हिरवं ते हिरवंच राहू द्या, भाव कुणी कितीही बोलो. माळावर उलटा प्रकार: पाचगाव-मोरेवाडीकडे पुराची भीती नाही, तिथे पहिला प्रश्न पिण्याच्या पाण्याचा. नळ कुठल्या योजनेवरून आणि कधी येणार, याचं लेखी उत्तर मागा.

मामांचं रान दोन्ही रेषांच्या बाहेर आहे, धाकटा पोरगा तिथेच घर बांधणार आहे आणि कर्ज नाही. म्हणून त्यांना योजनेकडे झुका म्हटलं. पण आजूबाजूचे निम्मे तरी गट सोबत येत असतील तरच. हरकत-सूचनेला सहसा ३० दिवस मिळतात. त्यात नुसतं "विरोध आहे" लिहू नका. गट नंबर, भाग नकाशा, सातबारा जोडा आणि नेमकं लिहा: अमुक पाणंद रस्ता म्हणून धरा, पाट मोकळा ठेवा, शेजारच्या गटाचा रस्ता आमच्या रस्त्याला सरळ मिळवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः जा.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"ते झालं. पण ऊस तुटलाय परवा. बुडखे ठेवून खोडवा घेऊ का मोडू?"

"ठेवा मामा. खोडव्यानंतर निडवाही निघेल त्यातून."