घरच्या ऑफिससाठी मिनी पीसी की टॉवर?

टॅली, एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एवढंच काम असेल तर वेग दोन्हींत, म्हणजे छोट्या डब्याच्या मिनी पीसीत आणि उभ्या मोठ्या कॅबिनेटच्या टॉवरमध्ये, पुरतो. १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज) मात्र हवीच.

वीज: मिनी हलक्या कामात साधारण १० वॅट घेतो, टॉवर ४०. रोज दहा तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर फरक साडेसात युनिटचा. बिलापेक्षा हा फरक वीज गेल्यावर कळतो: त्याच ६०० व्हीएच्या यूपीएसवर मिनी बराच जास्त वेळ तग धरतो.

दुरुस्तीत टॉवर सरस. एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) जळाला तर गल्लीतल्या दुकानातही दुसरा मिळतो. मिनीचा अडॅप्टर गेला की व्होल्टेज आणि पिन जुळणारा शोधत बसा. मदरबोर्ड गेला तर बहुतेकदा अख्खा डबाच बदलावा लागतो. काही मिनींत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती वाढत नाही. घेण्याआधी हे विचाराच.

धूळ दोघांनाही छळते, पण मिनीच्या बारीक जाळीत ती लवकर अडकते. मग पंखा घोंगावतो, वेग पडतो. तीन महिन्यांनी ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटाने धरून.

जागा कमी, वीज बेभरवशाची: मिनी. व्हिडिओ एडिटिंग, कॅड (संगणकावरचं डिझाइन-ड्रॉइंग) किंवा पुढे ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल: टॉवरच.