‘केबीसी’चं परीक्षण: निकाल पक्का, प्रश्न कधी कधी कच्चा

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या तेराव्या पर्वात प्रश्न आला: भारतीय संसदेच्या प्रत्येक बैठकीची सुरुवात सामान्यतः यांपैकी कशाने होते? पर्याय होते शून्य प्रहर (सदस्य तातडीचे विषय मांडतात ती वेळ), प्रश्नोत्तराचा तास, कायदेविषयक कामकाज आणि हक्कभंग प्रस्ताव. कार्यक्रमाने बरोबर धरलं ते प्रश्नोत्तराचा तास. भाग दाखवल्यावर एका प्रेक्षकाने ट्विटरवर हरकत घेतली की राज्यसभेत शून्य प्रहर आधी असतो. पहिल्या पर्वापासून या कार्यक्रमाशी जोडलेले सिद्धार्थ बसू यांनी तिथेच उत्तर दिलं: यात चूक नाही, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांसाठीच्या पुस्तिका पाहा.

हे प्रकरण जरा सोलून बघण्यासारखं आहे. लोकसभेत ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास आणि मग शून्य प्रहर, इथे वादच नाही. राज्यसभेत मात्र २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून प्रश्नोत्तराचा तास दुपारी १२ वर गेला आणि शून्य प्रहर त्याच्या आधी आला. म्हणजे हरकत घेणारा हवेत बोलत नव्हता. बसूंचा आधारही कागदावरचा होता. ‘सामान्यतः’ या शब्दाने कार्यक्रम वाचतो, पण त्याच वाक्यातला ‘प्रत्येक’ त्याला पुन्हा अडकवतो. खरी गफलत पर्यायांत आहे. चुकीचा पर्याय असा हवा की तो कुठल्याच वाटेने बरोबर ठरू नये. ‘शून्य प्रहर’ एका सभागृहापुरता बरोबर ठरतो. ‘संसदेच्या’ऐवजी ‘लोकसभेच्या’ लिहिलं असतं तर सगळा वाद तिथेच मिटला असता. उत्तराला पूर्ण गुण, रचनेला काठावर पास.

सेट, रोषणाई, बच्चनसाहेबांचा आवाज, स्पर्धकाच्या गावाची चित्रफीत, यांवर भरपूर लिहून झालंय. ३ जुलै २००० ला सुरू झालेल्या या खेळाचं परीक्षण निकालाच्या अंगाने फारसं कुणी करत नाही, आणि घराघरात भांडण तर नेमकं त्यावरून होतं.

चार पर्यायांच्या खेळात पंचाचं काम चित्रीकरणाच्या आधीच संपलेलं असतं. स्पर्धक ‘बी’ म्हणतो, ‘लॉक किया जाए’ म्हणतो, संगणक हिरवं किंवा लाल दाखवतो. उच्चार चुकला, आडनाव अर्धंच सांगितलं, असले प्रश्नच येत नाहीत. अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजुषेत उलट आहे. तिथे उत्तर तोंडी द्यायचं, तेही प्रश्नाच्या रूपात, आणि परीक्षक चित्रीकरण चालू असतानाच निर्णय देतात. १ जानेवारी २०१८ च्या भागात रॅपर कूलिओच्या १९९५ च्या ‘गँगस्टाज पॅरडाइज’ या गाण्याचं नाव गुंफलेलं उत्तर हवं होतं. स्पर्धकाने ‘गँगस्टाज’ऐवजी ‘गँगस्टर्स’ म्हटलं. आधी बरोबर धरलं, मग परीक्षकांनी फिरवलं आणि त्याचे ३,२०० डॉलर कमी झाले: दिलेले १,६०० काढले आणि चुकीचे १,६०० वजा केले. कारण असं दिलं की ऑक्सफर्डच्या कोशात हे दोन वेगळे शब्द म्हणून नोंदले आहेत. कुणाला हा कीस काढणं वाटेल, पण निर्णय फिरला तो कारणासकट सगळ्यांसमोर. केबीसीत हा प्रसंग उद्भवतच नाही, कारण ‘गँगस्टाज’ हा पर्याय छापूनच समोर येतो. ही केबीसीची सर्वांत भक्कम बाजू. पण त्यामुळे सगळा भार प्रश्नलेखकाच्या टेबलावर जातो आणि तिथे सांडलेला एक शब्द सेटवर कुणालाच भरून काढता येत नाही.

तो भार किती, ते बक्षिसांच्या शिडीवर दिसतं. अकराव्या-बाराव्या पर्वाची शिडी घ्या. पाचव्या प्रश्नाला १०,००० चा पडाव (पुढे चुकलं तरी हातात राहणारी रक्कम), दहाव्याला ३,२०,००० चा. चौदावा प्रश्न ५० लाखांचा, पंधरावा १ कोटीचा, सोळावा ७ कोटींचा. ५० लाख हातात असताना १ कोटीचं उत्तर चुकलं की स्पर्धक थेट ३,२०,००० वर, म्हणजे ४६,८०,००० गेले. संदिग्ध शब्दाची ही किंमत. २०२२ च्या पर्वात ७५ लाखांचा तिसरा पडाव आला तेव्हा वरच्या टोकाची ही घसरण बरीच सुसह्य झाली. केबीसीतल्या नियमबदलांपैकी आमच्या मते सर्वांत शहाणा बदल तोच.

चूक मूळ उत्तरातच असेल तर काय होतं, याचा नमुना केबीसीच्या मूळ ब्रिटिश कार्यक्रमात आहे. १९९९ मध्ये तिथे विचारलं: टेनिसचा एक सेट जिंकायला खेळाडूला तत्त्वतः कमीत कमी किती फटके मारावे लागतील? उत्तर धरलं २४, म्हणजे सहा गेम गुणिले प्रत्येकी चार. हिशेब सोपा वाटतो आणि तिथेच फसतो. सहापैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची असते. त्याने प्रत्येक वेळी डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण आपल्याला दिला, तर आपल्याला रॅकेट हलवायचीही गरज नाही. आपल्या सर्व्हिसच्या तीन गेममध्ये चार-चार एस (प्रतिस्पर्ध्याला परतवताच न आलेली सर्व्हिस), म्हणजे १२ फटके. ‘तत्त्वतः’ हा शब्द घातला की टोकाची शक्यता धरावीच लागते, आणि प्रश्नलेखकाने स्वतःच घातलेला शब्द स्वतःच वाचला नाही. २४ म्हणणाऱ्या स्पर्धकाला पैसे मिळाले आणि ते परत घेतले नाहीत. हेच योग्य. चुकीचा भुर्दंड खेळणाऱ्याने का भरावा?

दुसरा नमुना २००६ चा, तिथल्याच सेलिब्रिटी जोड्यांच्या भागातला. लॅटिनमधून भाषांतर केल्यास अमेरिकेचं बोधवाक्य काय? लॉरेन्स लेवेलिन-बोवेन दांपत्याने ‘देवावर आमचा विश्वास’ निवडलं. कार्यक्रमाचं उत्तर होतं ‘अनेकांतून एक’. काटेकोर वाचलं तर कार्यक्रम बरोबर होता, कारण लॅटिन बोधवाक्य तेच. पण १९५६ पासून अमेरिकेचं अधिकृत बोधवाक्य ‘देवावर आमचा विश्वास’ हेच आहे, आणि ते मुळात इंग्रजी. शेवटी प्रश्न संदिग्ध मानला गेला. जोडीला परत बोलावून नवा प्रश्न दिला, त्यांनी तो सोडून ५ लाख पौंड घेतले. संदिग्ध प्रश्नाला नवा प्रश्न हा खरा न्याय. केबीसीतही असं काही घडलं तर ते पडद्यावर ठळक सांगावं. ट्विटरवरचं स्पष्टीकरण रात्री नऊ वाजता सोफ्यावर बसलेल्या आजोबांपर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात सर्वांत गाजला तो नोव्हेंबर २०१९ चा प्रश्न, आणि तिथे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. औरंगजेबाचा समकालीन शासक कोण? पर्याय: महाराणा प्रताप, राणा सांगा, महाराजा रणजित सिंह, शिवाजी. सनावळी तपासा: राणा सांगा १५२८ मध्ये वारले, महाराणा प्रताप १५९७ मध्ये, रणजित सिंहांचा जन्म १७८० चा, औरंगजेब गादीवर १६५८ ते १७०७. फट कुठेच नाही. पण तीन पर्यायांना ‘महाराणा’, ‘राणा’, ‘महाराजा’ आणि चौथा नुसता एकेरी. संताप साहजिक होता. वाहिनीने आणि अमिताभ बच्चन यांनी माफी मागितली. भावनेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी प्रश्नलेखनाच्या साध्या नियमातही हे नापास आहे. चारही पर्याय एका घडणीचे हवेत: चौघांना उपाधी, नाहीतर कुणालाच नाही. वेगळा दिसणारा पर्याय एकतर उत्तराची चाहूल देतो, नाहीतर अपमान करतो. इथे दोन्ही झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी ६,४०,००० साठी आलेला प्रश्न आमच्या लेखी निर्दोष. २५ डिसेंबर १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या अनुयायांनी कोणत्या ग्रंथाच्या प्रती जाळल्या? उत्तर मनुस्मृती, स्थळ महाड. विष्णुपुराण, भगवद्गीता, ऋग्वेद हे बाकीचे पर्याय एकाच धर्माचे का, यावरून तक्रारी झाल्या. पण पर्याय एकाच जातकुळीचे ठेवणं ही प्रश्नलेखकाची शिस्त आहे. वेगळ्या धर्माचा ग्रंथ घुसडला असता तर तो पर्याय वाचताक्षणी गळाला असता. (महाराष्ट्रात हा प्रश्न दहा हजारांच्या पडावाआधीचा ठरला असता, तो भाग वेगळा.)

घरी वाद पेटतात ते मुख्यतः दोन शब्दांवरून: ‘पहिला’ आणि ‘सर्वाधिक’. पहिला भारतीय चित्रपट म्हटलं की एक जण दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) म्हणणार आणि दुसरा दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ (१९१२) पुढे करणार. ‘पूर्ण लांबीचा कथापट’ असं प्रश्नात असेल तर फाळके. नुसतं ‘चित्रपट’ असेल तर प्रश्नच बाद करावा, कारण ‘पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रण होतं आणि त्याला चित्रपट म्हणायचं की नाही यावर जाणकारांचंच एकमत नाही. महाराष्ट्रातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा? २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात ठाणे, १ कोटी १० लाखांवर. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. आजच्या सीमांवर तेच आकडे मांडले तर ठाणे ८० लाखांच्या आसपास उतरतं आणि ९४ लाखांचं पुणे वर येतं. प्रश्नात ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ आहे की ‘सध्या’, यावर उत्तर फिरतं. अमरावतीच्या बबिता ताडे यांच्यासमोर २०१९ मध्ये आलेला ७ कोटींचा प्रश्नही याच जातीचा होता: कुठल्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? बिहार: झाकीर हुसेन आणि रामनाथ कोविंद. असा प्रश्न प्रत्येक राष्ट्रपती निवडणुकीनंतर पुन्हा मोजावा लागतो. २०२२ मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल राष्ट्रपती झाल्या, बिहारचा आकडा हलला नाही, म्हणून हे उत्तर अजून टिकून आहे.

जुने भाग सोनी लिव्हवर बघताना म्हणूनच आधी पर्वाचं साल बघा, मग भांडा. आणि तपासायचंच असेल तर आठवणीतून नको. भाग थांबवून पडद्यावरचा प्रश्न अक्षरशः उतरवून घ्या. ‘यांपैकी’, ‘सामान्यतः’, ‘आतापर्यंत’, ‘अधिकृत’ यांतला एखादा शब्द हमखास निसटतो आणि निम्मी भांडणं त्या निसटलेल्या शब्दाचीच असतात. ‘यांपैकी’ असेल तर जगातलं सर्वांत बरोबर उत्तर शोधू नका, चारांतलं शोधा. त्यानंतर मूळ जागी जा. कायद्याचं असेल तर इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ, संसदेचं असेल तर सभागृहाचं संकेतस्थळ, क्रिकेटचं असेल तर क्रिकइन्फोचा धावफलक, मराठी साहित्य-इतिहासाला मराठी विश्वकोश. शोधयंत्राने वर चौकटीत दाखवलेली ओळ पुरावा म्हणून धरू नका, ती बहुतेकदा कुठल्यातरी स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचातूनच उचललेली असते. प्रेक्षकांच्या कौलाची टक्केवारी तर पुरावा नव्हेच. ७८ टक्के लोक मिळूनही चुकू शकतात.

घरात गुण लावून खेळत असाल तर कागद-पेन ठेवा. स्पर्धकाने ‘लॉक’ म्हणण्याआधी प्रत्येकाने अक्षर लिहून कागद उलटा करायचा. ‘मला येतच होतं’ला गुण नाहीत. दोन उत्तरं निघू शकतील असा प्रश्न बाद, कुणालाच गुण नाहीत, आणि बाद ठरवण्यासाठी निदान एक छापील आधार दाखवायचा. पहिल्या पाच प्रश्नांवर वाद घालत बसू नका. तिथे चूक सहसा ऐकणाऱ्याची असते.

मराठी अवतार, म्हणजे आधी ई टीव्ही मराठीवरचा ‘कोण होईल मराठी करोडपती’ आणि २०१९ पासून सोनी मराठीवरचा ‘कोण होणार करोडपती’, याच साच्यातला. नागराज मंजुळे आणि सचिन खेडेकर, दोघांच्या पर्वांत ओघ चांगला. हिंदीतून आपल्याकडे येताना होणारा उपाधी-उच्चारांचा घोळ इथे टळतो. संतसाहित्य किंवा नाट्यसंगीतावरचा प्रश्न असेल तर आमची पसंती याच कार्यक्रमाला.

गुण द्यायचेच तर: तथ्यांची तपासणी पाचपैकी साडेचार, पर्यायांची घडण साडेतीन, पडाव आणि नियम चार. चूक किंवा संदिग्धता पडद्यावर येऊन मान्य करण्याला दोन, तेही २०१९ च्या माफीमुळे.