गोल्फचं ग्रीन की क्रिकेटची खेळपट्टी? नागपूरच्या कृषी पदवीधरासाठी

कृषी किंवा उद्यानविद्येची पदवी आहे आणि खतं-औषधं विकत फिरण्यापेक्षा गवतातच काम करायचं आहे, तर दोन वाटा विचारात घेण्याजोग्या आहेत: गोल्फ कोर्सचा सुपरिंटेंडेंट, म्हणजे तिथल्या गवताची देखभाल पाहणारा प्रमुख, किंवा क्रिकेट मैदानाचा क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी तयार करणारा. गवत दोन्हीकडे बर्म्युडाच, म्हणजे आपला शेतकरी बांधावरून उपटून टाकतो त्या हरळीच्या कुळातलं. काम मात्र उलट्या दिशेचं.

गोल्फमध्ये जमीन भुसभुशीत आणि निचऱ्याची ठेवायची असते. ग्रीन म्हणजे होलभोवतीचा अगदी बारीक कापलेला गवताचा तुकडा. अमेरिकेतली गोल्फ संघटना यूएसजीए हिच्या पद्धतीच्या ग्रीनमध्ये तळाला निचऱ्याचे पाइप, त्यावर 10 सेंमी बारीक खडी आणि वर 30 सेंमी वाळूचं मिश्रण असतं. 18 होलांच्या कोर्सवर सगळी ग्रीन्स मिळून साधारण 1 हेक्टर भरतात, पण सुपरिंटेंडेंटची पारख तिथेच होते. बर्म्युडाचं टिफड्वार्फसारखं वाण 4 मिमीच्या आसपास कापतात. रील मोवर या कापणी यंत्राचं फिरतं पात्यांचं रील आणि खालचं स्थिर पातं यांच्यामध्ये रोज कागदाची पट्टी धरून पाहायची. ती पूर्ण लांबीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. एका टोकाला चुरगळली, तर त्या बाजूला गवत कापलं न जाता फाटतं. टोकं पांढुरकी पडतात आणि पावसाळ्यात बुरशीला आयती जागा मिळते.

नागपुरात खरी कसोटी उन्हाळा नव्हे. 45 अंशांतही पाणी असेल तर बर्म्युडा तग धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडाभर ढग राहिले की उजेडाअभावी ते विरळ होतं. तेव्हा कापणीची उंची अर्धा ते एक मिमीने वाढवायची आणि नत्र आवरायचं. सभासदांना वेगवान ग्रीन हवं असतं, ते कुरकुरतात; पण इथे ठाम राहता आलं नाही तर सप्टेंबरमध्ये टक्कल दिसतं. माती मोकळी करण्यासाठी पोकळ दात्यांनी छिद्रं पाडण्याचं कामही वाढीच्या दिवसांतच करावं. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते आणि छिद्रं आठवडेच्या आठवडे तशीच राहतात.

क्युरेटरला मात्र 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद पट्टा दगडासारखा दाबायचा असतो. विदर्भाची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळे सगळा खेळ वाफशाचा. 5 सेंमी खालची माती काढून गोळी करा. अंगठ्याने दाबल्यावर ती चपटी व्हावी, पण बोटाला चिकटू नये. त्याआधी रोलर फिरवला तर माती रोलरला उचलून येते, वरचा थर बंद होतो आणि आत ओल अडकते. उशीर केला तर कितीही फेऱ्या मारा, घनता वाढत नाही. सुरुवात हलक्या रोलरने करावी, एक टनाचा नंतर. आणखी एक चूक वारंवार दिसते: जुन्या पट्ट्यावर वेगळ्या खाणीची माती टाकणं. दोन्ही थर वेगवेगळे आकसतात, मध्ये आडवी फट पडते आणि उसळी मरते. माती तीच वापरा, आणि पसरण्यापूर्वी पृष्ठभाग खरवडून घ्या.

क्युरेटरचा हिशेब एका सामन्यात होतो. नोव्हेंबर 2015 मध्ये नागपूरजवळच्या जामठा स्टेडियमवरची भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी तिसऱ्या दिवशी संपली आणि आयसीसीने खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. सुपरिंटेंडेंटची परीक्षा रोज सकाळी पहिल्या खेळाडूबरोबर सुरू होते. ताण पसरलेला, पण न संपणारा.

नोकरीचं बोलायचं तर क्युरेटरची मोजकी चांगली पदं इथेच, जामठा आणि सिव्हिल लाइन्सच्या मैदानांवर आहेत. गोल्फसाठी बहुतेकांना पुणे, चेंबूर किंवा खारघर गाठावं लागतं. तिथे माणसं, यंत्रं आणि वर्षाचं बजेट हाताळायची तयारी हवी.

संघटनेत फरक मोठा आहे. क्युरेटरचं प्रमाणपत्र बीसीसीआय देतं, म्हणजे खेळ चालवणारी संस्थाच. गोल्फमध्ये व्यावसायिकांची स्वतःची संघटना आहे: अमेरिकेतली जीसीएसएए 1926 साली ओहायोत ग्रीनकीपरांनी उभी केली, आणि भारतात गोल्फ कोर्स सुपरिंटेंडेंट्स अँड मॅनेजर्स असोसिएशन आहे. पद मिळेपर्यंत थांबू नका, सहायक असतानाच भारतीय संघटनेत शिरा. बैठकीला जाताना माती-पाण्याचे अहवाल आणि फवारणीची नोंदवही सोबत न्या. नेमक्या आकड्यांना नेमकी उत्तरं मिळतात. जीसीएसएएची वर्गणी नंतर भरली तरी चालेल. तिथलं बरंच साहित्य थंड हवामानाच्या बेंटग्रासवर आहे. आपल्या उपयोगाचं ते फ्लोरिडा आणि जॉर्जियाचं.

नागपूर सोडायचं नसेल तर क्युरेटरच व्हा. सोडता येत असेल तर आमचा कौल गोल्फला, कारण निचरा आणि रील मोवर शिकलेला माणूस पुढे क्रिकेटचं आउटफिल्डही सांभाळू शकतो. उलट वाट अवघड आहे. मुलाखतीत पगाराच्या आधी पाण्याचा स्रोत विचारा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी किंवा बोअरचं पाणी असेल, तर क्षारता आणि सोडियमचा ताजा अहवाल पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.